झालं गेलं, पैनगंगेला मिळालं?

दोन भावांतला, दोन घरांतला किंवा दोन गावांतला तंटा मिटवताना मराठी माणूस अखेरीस म्हणतो, "झालं गेलं गंगेला मिळालं." आमच्या उमरखेड भागात गंगा म्हणजे पैनगंगा. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण कडेने ती वाहते. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा. १९४८ सालापर्यंत ही नदी इंग्रजी अमलाखालून आलेला मुलूख आणि हैदराबादचे निजामी राज्य यांच्यामधली शीव होती. त्या साली पलीकडच्या काठावर आधी हिंदूंच्या आणि नंतर मुसलमानांच्या वाट्याला जे आले, त्याविषयी विषय निघाला की दोन्ही समाजांत हेच वाक्य बोलून विषय बंद केला जातो. वाक्य वाईट नाही. त्याने पुष्कळ गावे पुन्हा नांदती केली. पण आम्हाला त्यात एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. नदीत नेमके काय सोडले जाते, राग की हिशेब? आणि ज्याने सोडायचे त्याला कोणी विचारले होते का?

क्षमा आणि परतफेड यांचा हा गुंता काही आपल्या एकट्यांचा नाही. त्यावर फार जुना आणि फार नेमका विचार झाला तो चीनमध्ये. 'ज्ञानासाठी चीनपर्यंत जा' हे वचन आपल्या वाजातून, जलशांतून वारंवार ऐकायला मिळते. हदीसशास्त्राच्या जाणकारांनी त्याची सनद कमकुवत ठरवली आहे, हे खरे. तरीही वचन आवडते सगळ्यांना, आणि ते ऐकून चीनकडे खरोखर वळून पाहणारे थोडे. मराठी मुलखाला चीन म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यापलीकडे कन्फ्यूशियस हे नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीपुरते भेटते आणि परीक्षेनंतर विसरले जाते.

कन्फ्यूशियसचा काळ इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९. लू नावाच्या छोट्या राज्यात तो जन्मला, काही काळ अधिकारी झाला, पुढे आपले ऐकणारा राजा शोधत राज्याराज्यांतून हिंडला आणि तो न मिळाल्यामुळे परत येऊन शिष्यांना शिकवत राहिला. त्याची संभाषणे शिष्यांनी व त्यांच्या शिष्यांनी जमवली. तो २० भागांचा ग्रंथ म्हणजे 'लुन यू'. त्यातला एक शिष्य त्झ-कुंग हा हाडाचा व्यापारी होता. चांगला पैसा कमावलेला, हुशार, बोलण्यात तरबेज. त्याने गुरूला व्यापाऱ्याला शोभेल असाच प्रश्न विचारला. जन्मभर आचरणात आणता येईल असा एखादा शब्द आहे का? गुरूने एक शब्द दिला, 'षू'. आणि लगेच उलगडाही केला, की जे स्वतःच्या वाट्याला यावेसे वाटत नाही ते दुसऱ्याच्या वाट्याला लावू नये. (हा शब्द ऐकून आपल्याकडची पोरे तोंडावर हात धरतील. त्याला आमचा इलाज नाही.)

हा शब्द चिनी लिपीत दोन चिन्हांनी बनतो. वर 'सारखे' या अर्थाचे चिन्ह, खाली 'हृदय'. लिपीतज्ज्ञ सांगतील की वरचे चिन्ह मुख्यतः उच्चारासाठी आहे. परंतु चिनी विद्वान शतकानुशतके तो शब्द 'हृदयासारखे हृदय' असाच वाचत आले. आजच्या चिनी भाषेत हेच चिन्ह 'माफ करणे' या अर्थाच्या शब्दांत येते. म्हणजे जो शब्द मूळात 'दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे' असा होता, तो घसरत घसरत 'सोडून देणे' इथवर आला. हा प्रवास साधा नाही, आणि तो सगळ्यांना मान्यही नव्हता.

अकराव्या शतकातला सुंग राजवटीचा एक मंत्री फान छुनरन याचा उपदेश फार लोकप्रिय झाला होता. माणूस दुसऱ्याला दोष देताना जितका कडक असतो तितका स्वतःशी असावा, आणि स्वतःला जितक्या सहज माफ करतो तितक्या सहज दुसऱ्यालाही करावे, असा त्याचा आशय. ऐकायला गोड आहे. आपल्याकडे भिंतीवर लावण्यासारखे. पण कन्फ्यूशियसचा थोर भाष्यकार चू शी (११३० ते १२००) याने यातला दुसरा भाग मोडून काढला. त्याचे म्हणणे असे, की 'षू' हा शब्द स्वतःवर वापरायचाच नसतो. स्वतःच्या चुकीला सूट देण्याची सवय आधी लावून घ्यायची आणि मग तीच सूट जगाला वाटायची, यातून दोघेही बुडतील. आधी स्वतःला शेवटच्या कणापर्यंत खरे ठेवा, मग त्या खरेपणाने दुसऱ्याचे मन ओळखा. चू शीच्या लेखी 'षू' म्हणजे ढिलाई नव्हे, माप आहे. जे माप स्वतःला तेच दुसऱ्याला.

स्वतः त्झ-कुंगने एकदा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की मला जे नको ते मी कोणाला करू इच्छित नाही. गुरू म्हणाला, तू अजून तिथवर पोचलेला नाहीस. हा प्रसंग आम्हाला आवडतो. ज्या नियमाला जगभर 'सुवर्णनियम' म्हणून सोपा समजतात, तो त्याच्या उद्गात्याला सोपा वाटत नव्हता.

आता मुख्य गाठ. कोणीतरी कन्फ्यूशियसला विचारले, अपकाराची फेड उपकाराने करावी, हे कसे? हा विचार त्या काळी चीनमध्ये प्रचलित होता, लाओ त्झूच्या ग्रंथातही तो आहे. आपल्याला वाटेल, गुरू मान डोलावेल. त्याने उलट प्रश्न केला. मग उपकाराची फेड कशाने करणार? आणि उत्तर दिले, की अपकाराची फेड सरळपणाने करावी आणि उपकाराची उपकाराने.

'सरळपणा' हा इथला कळीचा शब्द. त्यात सूड नाही, कारण सूड नेहमी मापापेक्षा जास्त घेतो. त्यात विसरणेही नाही. घडले ते घडले तसे म्हणणे, करणाऱ्याला करणारा म्हणणे, त्याच्या वाट्याचे तेवढेच त्याच्या पदरात घालणे आणि रागाने त्यात भर न घालणे, असा त्याचा अर्थ भाष्यकार लावतात. याच कन्फ्यूशियसने पो यी आणि शू छी या दोन प्राचीन भावांची तारीफ केली आहे, की ते जुनी वैरे मनात धरत नसत, म्हणून त्यांच्यावर डूख धरणारेही थोडे होते. तेव्हा वैर धरू नये हे त्याला मान्य होते. वैर सोडताना तोल सोडू नये, एवढाच त्याचा आग्रह.

'ली ची' या विधीग्रंथात यासंबंधी एक शेरा आहे. अपकाराला उपकाराने उत्तर देणाऱ्या माणसाचा चांगुलपणा हा स्वतःच्या जिवाला सुखरूप ठेवणारा चांगुलपणा आहे, अशा अर्थाचा. दुबळा माणूस माफ करतो, कारण दुसरे काही करण्याची त्याची ताकद नसते. त्याला क्षमा म्हणावे का? अल्पसंख्य समाजात वाढलेल्या कोणालाही हा शेरा वाचून क्षणभर थांबावे लागेल. आपल्या मोहल्ल्यांतून 'जाने दो' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो आणि त्यातला किती वेळा तो मोठ्या मनातून येतो, हे ज्याचे त्याने तपासावे.

मराठीत याच्या समोरची कथा म्हणजे पैठणच्या एकनाथांची. गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक यवन थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात, तो पुन्हा थुंकतो, असे १०८ वेळा घडते. शेवटी तोच शरमतो आणि नाथ त्याला म्हणतात, तुझ्यामुळे एवढी स्नाने घडली. कीर्तनांतून आणि शाळेच्या वर्गांतून ही कथा सांगितली जाते, आणि वर्गातल्या मुसलमान मुलाने ती ऐकताना कुठे पाहायचे हे कोणी सांगत नाही. ती लाओ त्झूच्या वळणाची कथा आहे, अपकाराला उपकार. कथेत एक क्षमा करणारा आहे आणि दुसऱ्याला फक्त क्षमा घ्यायची आहे. नावही त्याला नाही. गंमत अशी, की खुद्द एकनाथांनी (१५३३ ते १५९९) लिहिलेला हिंदू-तुर्क संवाद अगदी वेगळ्या वळणाचा आहे. त्यात दोघे एकमेकांच्या धर्मावर तोंडावर टीका करतात, दोघे चिडतात, दोघे उत्तरे देतात आणि शेवटी दोघेही एकमेकांना वंदन करून आलिंगन देतात. तिथे थुंकी नाही, माफीही नाही. सरळ बोलणे आहे आणि मग भेट आहे. आमच्या मते कन्फ्यूशियसला दंतकथेतल्या नाथांपेक्षा या भारुडातले नाथ जवळचे वाटले असते.

चिनी समाजजीवनात या परतफेडीला 'पाव' म्हणतात. यांग लिएन-शेंग या इतिहासकाराने १९५७ साली त्यावर निबंध लिहून ती साऱ्या चिनी संबंधांच्या तळाशी आहे असे दाखवले. 'ली ची' सांगते, की शिष्टाचाराला येणे आणि जाणे दोन्ही लागते. गेले आणि परत आले नाही तर तो शिष्टाचार नव्हे. यान युनशियांग या अभ्यासकाने हेइलुंगच्यांग प्रांतातल्या एका खेड्यात राहून १९९६ साली पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचा आधार काय, तर घरोघरी जपून ठेवलेल्या आहेराच्या याद्या! हे वाचून आपल्याला परके वाटायचे कारण नाही. आपल्याकडे लग्नात मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन बसलेला माणूस असतोच, मग ते लग्न निकाहाचे असो की सप्तपदीचे. ती वही पेटीत जपली जाते आणि समोरच्या घरी कार्य निघाले की बाहेर येते. पेरणीच्या दिवसांत एकेकच बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात, तीही हीच गोष्ट. कोणी त्याला हिशेबीपणा म्हणून नाक मुरडील. आम्हाला तसे वाटत नाही. वहीत नाव असणे म्हणजे आपण कोणाच्या तरी लेखी आहोत.

मात्र या परतफेडीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. तोच 'ली ची' ग्रंथ सांगतो, की बापाचा खून करणाऱ्याबरोबर मुलाने एका आभाळाखाली राहू नये. म्हणजे सुडालाही कर्तव्याचा शिक्का. दुसरे असे, की कन्फ्यूशियसने राजा-प्रजा, बाप-लेक, पती-पत्नी, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र असे जे पाच संबंध मानले त्यांत मित्रांचा सोडला तर बाकी चारही उतरंडीचे आहेत. मुळात त्यांत दोन्हीकडून देणे अपेक्षित होते. पण राजवटी बदलत गेल्या तशी वरच्याची देणी आटत गेली आणि खालच्याची वाढत गेली. सून, रयत, धाकटा यांनी सोसायचे आणि त्याला सद्गुण म्हणायचे. १९१८ साली लू शुनने 'वेड्याची रोजनिशी' ही कथा लिहून या नीतीला माणसे खाणारी नीती म्हटले, ते उगाच नव्हे. उतरंडीत 'षू' टिकत नाही. दुसऱ्याच्या जागी उभे राहायचे तर आधी दोघांच्या जागा एका जमिनीवर लागतात.

या नीतीच्या मुलखात आपले धर्मबांधव हजार वर्षांहून अधिक काळ राहत आले आहेत. बुखाऱ्याचे सय्यद अजल शम्सुद्दीन उमर १२७४ साली युन्नान प्रांताचे सुभेदार झाले. त्यांनी तिथे मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसचे मंदिरही बांधले. पुढे मिंग आणि छिंग राजवटींत चिनी मुसलमानांनी आपला धर्म चिनी भाषेत लिहायला घेतला. नानचिंगचे वांग तायू यांचा ग्रंथ १६४२ सालचा. ल्यू चृ यांनी १७०४ आणि १७१० साली इस्लामचे तत्त्वज्ञान आणि आचार यांवर ग्रंथ लिहिले आणि १७२४ साली प्रेषितांचे चरित्र. या साऱ्या साहित्याला 'हान किताब' म्हणतात. अर्धे नाव चिनी, अर्धे अरबी. ल्यू चृ यांनी नमाज, रोजा, जकात, हज यांच्या जोडीला ते पाच मानवी संबंध घेतले, आणि त्यांत पती-पत्नीचा संबंध पहिला ठेवला. आचार अरबस्तानातला असला तरी त्याचे तत्त्व कन्फ्यूशियसच्या परंपरेहून निराळे नाही, असा त्यांचा दावा होता. आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते, साधारण त्याच काळातली ही गोष्ट. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा 'तुमची भाषा कोणती' या प्रश्नाला आपण उत्तर दिले. नानचिंगच्या त्या मंडळींनी ते साडेतीनशे वर्षे आधी दिले होते.

आणि त्यांना त्याची परतफेड मिळाली का? कधी मिळाली, कधी नाही. १७८२ साली हाय फुरुन नावाचा एक हाइनान बेटाचा मुसलमान या पुस्तकांसह पकडला गेला. अधिकाऱ्यांना त्यात राजद्रोहाचा वास आला. छ्येनलुंग बादशहाने अधिकाऱ्यांनाच झापले आणि प्रकरण मिटवले. पण १८५६ साली युन्नानच्या खुनमिंग शहरात हजारो मुसलमानांची कत्तल झाली आणि तिथून जे बंड पेटले ते १८७३ पर्यंत चालले. त्या काळातले युन्नानचे सर्वांत मोठे आलीम मा तशिन, १८४१ साली हजला निघालेले, चिनी भाषेत कुरआनच्या भाषांतराला हात घालणारे. त्यांनी मध्येच बादशाही पक्षाशी तडजोड केली आणि लोकांना शांत राहायला सांगितले. १८७४ साली सरकारने त्यांनाच ठार केले. त्यांच्या तडजोडीला क्षमा म्हणावे, शहाणपण म्हणावे की 'ली ची'च्या शेऱ्यातला जीव वाचवणारा चांगुलपणा म्हणावे, यावर वाद होऊ शकतो. जीव तर वाचला नाही.

इस्लामी शिकवणीशी कन्फ्यूशियसच्या उत्तराचे नाते जोडायला ल्यू चृ यांना ओढाताण करावी लागली नसावी. सूरह अश-शूरामध्ये वाईटाचा बदला त्याच्याइतक्याच मापाचा सांगितला आहे, आणि त्याच आयतीत पुढे माफ करून समेट करणाऱ्याचे फळ अल्लाहकडे आहे असे म्हटले आहे. आधी माप, मग माफी. मापाशिवाय माफी नाही, कारण किती सोडले हेच मग कळत नाही. सूरह अल-माइदा बजावते, की एखाद्या लोकसमूहाविषयीचा राग तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये. हाच तो सरळपणा. आणि एकाचे ओझे दुसरा वाहणार नाही, हे तर कुरआनात अनेकदा आले आहे.

सन ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी शत्रूंना आम माफी दिली, हजरत यूसुफ (अ.) यांनी भावांना दिली होती तशी. ही गोष्ट आपण मिलादच्या प्रत्येक जलशात सांगतो. पण तिच्या शेजारची एक गोष्ट क्वचित सांगतो. उहुदच्या लढाईत हजरत हमजा (रजि.) यांना मारणारा वहशी पुढे इस्लाम स्वीकारून आला. प्रेषितांनी त्याला स्वीकारले, शिक्षा केली नाही. मात्र शक्य असेल तर माझ्या नजरेसमोर येत जाऊ नकोस, असे सांगितले. चुलत्याच्या मरणाचे दुःख माफीने पुसले गेले नव्हते, आणि ते पुसले गेल्याचा आव प्रेषितांनी आणला नाही. आमच्या मते सरळपणाचे याहून मोठे उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्या घरांत याचा एक रिवाज अजून जिवंत आहे. हजला निघणारा माणूस आधी देणी फेडतो, मग मोहल्ल्यात, नात्यात, शेजारच्या हिंदू घरांत जाऊन 'कहा-सुना माफ करो' म्हणतो. जनाज्याच्या वेळी घरचा माणूस उभा राहून विचारतो, मरहूमकडे कोणाचे काही येणे असेल तर सांगावे. बंद्याचा हक्क बंद्यानेच सोडायचा असतो, दुसरा कोणी त्याच्या वतीने सोडू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व.

ही कसोटी घेऊन आता पैनगंगेवर येऊ. नदीपलीकडे १९४७-४८ मध्ये कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे नाव आजही घेतले जाते. अनेक हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून शेजारच्या प्रांतांत आली. स्टेट काँग्रेसची सरहद्दीवरची केंद्रे आमच्या उमरखेडलाही होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले, १७ तारखेला निजाम शरण आला. नदीपलीकडे त्या दिवशी झेंडावंदन होते. आमच्याकडे तो कॅलेंडरवरचा साधा दिवस.

त्यानंतर जे घडले त्याची चौकशी करायला केंद्र सरकारने एक सदिच्छा मंडळ पाठवले. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख. 'भारत में अंग्रेजी राज' या जप्त झालेल्या ग्रंथाचे कर्ते, गांधीवादी, गीता आणि कुरआन यांवर पुस्तक लिहिणारे. हेच सुंदरलाल १९५१ साली चीनला गेलेल्या पहिल्या भारतीय सदिच्छा मंडळाचेही प्रमुख होते. त्यांच्याबरोबर काझी अब्दुल गफ्फार, 'लैला के खुतूत'चे लेखक आणि हैदराबादच्या 'पयाम' दैनिकाचे संपादक, आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या दिवसांत त्यांनी राज्यातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून १०९ गावांतल्या ५०० हून अधिक लोकांशी बोलणे केले. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड, म्हणजे आमच्या नदीपलीकडचा. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत सामील होते, असे त्यांनी लिहिले. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. उमर खालिदी यांनी १९८८ साली त्यातला काही भाग छापला आणि २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून तो पूर्ण वाचायला मिळाला. म्हणजे ६५ वर्षे एक वही पेटीत होती आणि किल्ली घरच्यांकडे नव्हती.

मारले गेले ते कोण? रझाकारांची जी शिक्षा होती ती नावावर पडली, दाढीवर पडली. एकाचे ओझे दुसऱ्याने वाहिले. याला परतफेड म्हणणे हा परतफेड या शब्दाचाही अपमान आहे, कारण ज्याने दिले त्याला ते परत गेलेच नाही. रझवी तुरुंगात राहून १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला.

पण सरळपणा दोन्ही बाजूंना लागतो, आणि इथे आपल्या समाजाशी थोडे कडक बोलावे लागेल. सुंदरलाल अहवाल बाहेर आल्यावर आपण तो हिरिरीने वाचला, वाचायलाच हवा होता. त्या हिरिरीने आपण शोएबुल्लाह खान यांचे नाव कितीदा घेतले? 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. रझाकार संघटना बरखास्त करा असे म्हणणारे सात मुसलमान पुढाऱ्यांचे पत्रक त्यांनी छापले, विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री घरी परतताना रझाकारांनी त्यांच्यावर हल्ला केला, लिहिणारा हात तोडला, आणि २२ तारखेला ते वारले. महिनाही उरला नव्हता. त्या वेळी हैदराबादेत खरे बोलणारा मुसलमान होता, हे आपल्या मुलांना कळले तर त्यांना मान खाली घालून बसण्याची गरज पडणार नाही, आणि नदीपलीकडच्या ज्या घरांनी रझाकारांच्या हातून माणसे गमावली त्यांच्यासमोर बसून बोलताही येईल. त्यांची वही आपण वाचायची, आपली वही त्यांनी. 'झालं गेलं' म्हणण्याचा हक्क त्यानंतरचा, आणि तो ज्याचा त्याचा.

सुंदरलाल अहवालात मृत्यूंच्या आकड्यांनंतर दुसराही एक भाग आहे. त्याच्याकडे फारसे कोणी वळत नाही. अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना लपवले, वाचवले, असे त्यात नोंदले आहे. आणि एक निरीक्षण असे, की हा भाऊपणा एका धंद्यातल्या लोकांत विशेष दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे हिंदू हल्लेखोरांपासून रक्षण केले. मंडळाने यावर सिद्धान्त मांडला नाही. पण मागावर बसणाऱ्याला मागाची किंमत कळते. सूत त्याच व्यापाऱ्याकडून उधार आणलेले, भाव तोच पडलेला, पावसाळ्यात पोट तसेच आवळलेले. शेजारच्या घरातला ताणा पेटताना पाहून त्याला स्वतःचा ताणा दिसला असेल, एवढेच. त्यासाठी त्याला धर्मग्रंथ उघडावा लागला नसेल, 'षू' हा शब्द तर त्याने ऐकलाही नव्हता. अहवाल म्हणतो, की या संरक्षणाची त्यांना जबर किंमत मोजावी लागली आणि काहींचे त्यात प्राण गेले. मग तो पुढच्या मुद्द्याकडे वळतो.